चुकांचा रकाना

४ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांना नमस्कार, आणि काकूला दोन, कारण तिने विणलेला स्वेटर अजून तग धरून आहे.

फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी तुम्ही दहा मिनिटं नुसतं "कोण? कोण?" विचारलंत आणि शेवटी "नंतर या, दुकान बंद आहे" म्हणून ठेवून दिलात. तेव्हा पत्रच बरं.

सध्या कपडे धुण्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खालून दिवसभर वाफ येते. दाराचं लाकूड फुगलंय, उघडायला खांदा द्यावा लागतो. खोलीतला जोडीदार बस चालवतो. झोपेतसुद्धा वळणं घेतो. परवा पहाटे त्याने मला लाथ मारली आणि "पुढे सरका" म्हणाला. होड्या रंगवायचं काम सुटलं. म्हणजे मी सोडलं. बरं, त्यांनी सोडवलं. रंगाचा डबा उघडा ठेवून मी एका माणसाशी बोलत बसलो होतो. त्या माणसाला एका डोळ्याने रंग ओळखू येत नव्हते आणि दुसऱ्याने येत होते, आता असा माणूस परत कुठे भेटणार? तो किस्सा मोठा आहे, नंतर सांगेन.

मुद्द्याचं. इथे वजनकाटे तपासणारी एक गाडी आहे. मोठी, निळी, आत फळ्यांवर वजनं बसवलेली, ग्रॅमच्या पाकळीपासून वीस किलोच्या ठोकळ्यापर्यंत. वर्षभर गावोगाव फिरते. दवाखान्यातले तान्ही बाळं तोलायचे काटे, औषधाच्या दुकानातले, मालधक्क्यावरचे, सगळे तपासते. तिच्यावर मदतनीस हवाय. काका, मला आजवर एवढं काहीच हवंसं वाटलं नव्हतं. माझे पाय एका जागी राहत नाहीत आणि हाताला तुमच्या दुकानात शिकलेलं तेवढं एकच काम येतं. दोघांचं एकत्र भागेल अशी ही जगातली एकुलती एक नोकरी असावी.

अर्ज इंग्रजीत आहे. त्यात म्हटलंय की ज्याच्या हाताखाली काम शिकलात, त्याने उमेदवाराचे गुण एक्स्टोल करणारं पत्र स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. मराठीत लिहिलंत तरी चालतं, तिथल्या मुख्य बाईंना येतं. एक्स्टोल म्हणजे कौतुक. तर तेवढं पाठवा.

तुमचा भोवरा

&nbsp;

११ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन पानांत नोकरी अर्धं पान आहे. पत्र कधीपर्यंत हवं ते लिहिलेलं नाही. होड्यांच्या मालकाने किती दिवसांनी काढलं तेही नाही. रंग न ओळखणाऱ्या माणसाचे मात्र दोन्ही डोळे आहेत.

तो शब्द तू "म्हणजे कौतुक" म्हणून उडवलास. मी समोरच्या इमारतीतल्या निवृत्त मास्तरांकडून डिक्शनरी आणली. त्यात लिहिलंय: अतिशय स्तुती करणे. अतिशय म्हणजे किती? माप दिलेलं नाही. मास्तर म्हणाले, मूळ अर्थ उंच उचलणे असा आहे. मी म्हटलं, आमच्या धंद्यात वर जातं ते हलकं पारडं. मास्तरांनी डिक्शनरी परत मागितली. मी दिलेली नाही.

ज्या शब्दाचं माप मला ठाऊक नाही तो मी कुणाबद्दल लिहीत नाही. नीट विचारून कळव.

काका

(बाळा, मी काकू. तीन दिवस जेवताना ताटाशेजारी डिक्शनरी असते. काल चहा पिऊन म्हणाले, "हा एक्स्टोल करण्याइतका झालेला नाही." लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण चहाबद्दल काहीतरी बोलले हे पहिल्यांदाच. तुझे उपकार. पायमोजे पाठवू का?)

&nbsp;

१५ फेब्रुवारी

काका,

तारीख लिहायची राहिली, चुकलो. गाडी १२ मार्चला निघते. त्याच्या आत पत्र पोचायला हवं. हे मी वहीच्या कव्हरवर पण लिहून ठेवलंय.

शब्दाचं नीट विचारलं. गल्लीच्या टोकाला एक शिकवणीच्या बाई आहेत, त्यांच्या जिन्याला चौतीस पायऱ्या आहेत आणि सतराव्या पायरीवर एक मांजर बसलेलं असतं, ते हलत नाही, त्याला ओलांडून जावं लागतं. बाई म्हणाल्या, हा शब्द साध्या बोलण्यातला नाही. "चहा छान झालाय" याला तो वापरत नाहीत (काकूला सांगा). पाठीवर थाप मारून "शाबास" म्हणणं, तेही नाही. एखाद्या माणसाचे किंवा वस्तूचे गुण दुसऱ्या लोकांपुढे उभं राहून, भरभरून, आवाज चढवून सांगायचे, तेव्हा तो वापरतात. औषध विकणारा औषधाचे गुण असे सांगतो. सभेत पुढारी दुसऱ्या पुढाऱ्याचे सांगतो. मी विचारलं, खरे नसलेले गुणही? त्या म्हणाल्या, शब्दाला त्याचं सोयरसुतक नाही, ते सांगणाऱ्याने बघायचं.

म्हणजे काका, माप हवं असेल तर असं धरा: तुम्हाला जितकं वाटतं त्याच्या तिप्पट लिहायचं. सगळे तसंच लिहितात. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या एकाला त्याच्या उस्तादाने "यंत्रांचा जादूगार" लिहून दिलंय. त्याला मी पाना उलटा धरताना पाहिलंय.

मला काही जादूगार करू नका. पण एकदा तरी. चौदा महिने तुमच्या दुकानात होतो, त्या चौदा महिन्यांत तुम्ही मला सगळ्यात जास्त वेळा जे म्हणालात ते म्हणजे "पुढचा घे". आठवतं, मी तो मोडीतला पितळी काटा दोन महिने खपून जिवंत केला? दांडी सरळ केली, ती ज्यावर टेकते ती धार घासली, पारडी जुळवली. वारा बंद करायला दार लावून घेतलं आणि तुम्हाला हाक मारली. तुम्ही एक ग्रॅम टाकला, काढला, पुन्हा टाकला. आणि काय म्हणालात? "ठेव तिकडे, खिडकीपाशी." बस. दुसऱ्या आठवड्यात मी निघालो. सगळ्यांना वाटतं माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून गेलो. भिंगरी आहेच. पण त्या आठवड्यात ती नव्हती.

भोवरा

&nbsp;

२४ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,

पत्र सोबत जोडलं आहे. चार दिवस लिहीत होतो, कारण जुन्या वह्या काढून पडताळावं लागलं.

तिप्पट लिहायला सांगितलंस. एक किलोला तीन किलो दाखवणारा काटा मी दुकानात ठेवत नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणसं पुष्कळ मिळतात, ते झाड किती उंच असतं तुला माहीत आहे. जे खरं आहे ते सगळं लिहिलं आहे. तो शब्द वापरलेला नाही.

पोचल्याचं कळव.

काका

&nbsp;

२८ फेब्रुवारी

काका,

पोचलं. शिकवणीच्या बाईंना दाखवायला निघालो आणि त्यांच्या जिन्यातच उघडून वाचलं. तिथेच बसलो. मांजर उठून गेलं, यावरून काय ते समजा.

तुम्हाला काय लिहिलंत ते आठवत नसेल तर मी वाचून दाखवतो. "काम केले: चौदा महिने. उशिरा आला: एकसष्ट दिवस. न सांगता गेला: दोनदा, पैकी एकदा सर्कशीचा तंबू उभारताना बघायला. फोडले: काट्याची काचपेटी, एक. चिमट्याऐवजी बोटाने वजन उचलले: चार वेळा. गरजेपेक्षा जास्त बोलतो. काम अर्धे टाकले: नऊ वेळा. पैकी परत येऊन पुरे केले: नऊ."

काका, ही शिफारस आहे की पोलिसांची नोंद?

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याला तुम्ही दोऱ्याने चिठ्ठी बांधता आणि त्यावर त्याची चूक लिहिता, किलोला अर्धा ग्रॅम कमी, पाच किलोला एक जास्त. गिऱ्हाईक चिडतं, "दुरुस्तीला दिलाय का बदनामीला?" आणि तुम्ही ढिम्म. पण मी काटा नाही हो! मी तुमच्या भावाचा मुलगा आहे. आई-बाबांनंतर तुमच्या घरात वाढलो. माझ्या गळ्यात चिठ्ठी कसली बांधता? उशिराचे दिवस मोजलेत! आणि तेव्हाही शंभरदा सांगितलं होतं की दुकानातलं घड्याळ पुढे आहे, ऐकलंत कधी?

तुमचं पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवतोय. प्रत्येक ओळीपुढे लिहिलंय काय लिहायला हवं होतं. आता नवं पाठवायची तसदी घेऊ नका, वेळही नाही. माझं मी बघतो.

भो.

&nbsp;

६ मार्च

काका,

आज मायना नीट लिहायला हात धजत नाही.

"माझं मी बघतो" म्हणजे काय ते सांगतो. एक तारखेला मी तुमच्या नावाने पत्र लिहिलं. तुमच्यासारखं उभं, टोकदार अक्षर काढलं, सही केली. त्यात एक्स्टोल पाच वेळा आहे. मी वक्तशीर आहे, अबोल आहे, हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय पाणी पीत नाही. लिहिताना मलाच भरून आलं. असा मुलगा मला भेटला असता तर मी त्याच्याशी दोस्ती केली नसती, पण नोकरी नक्की दिली असती.

काल गाडीच्या मुख्य बाईंनी बोलावलं. गाडी आवारात उभी होती, मागची दारं उघडी, आत दोन जण ठोकळे पुसत होते. बाई पायरीवर बसून पत्र वाचत होत्या. वय काकूएवढं, हातात कातडी मोजे, आवाज करवतीसारखा.

"हे कुणी लिहिलं?"

"काकांनी."

"काका काय करतात म्हणालास?"

"काटे दुरुस्त करतात. तीस वर्षं."

"मग हे त्यांनी लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "सही आहे की."

"सही असेल. पण तीस वर्षं काटे तपासणारा माणूस एकही चूक न नोंदवता दाखला देईल? आमच्याकडे चुकांचा रकाना रिकामा असलेला दाखला आला की त्याचा अर्थ एकच: काटा तपासलाच नाही, चहा पिऊन सही केली. चूक सगळ्यांत असते रे. कळलेली असली की काटा वापरता येतो. न कळलेला काटा मी गाडीत घेत नाही." मग पत्र परत माझ्या हातात दिलं. "आणि हा एक्स्टोल वगैरे वरच्या ऑफिसचे चोचले. ज्याने अर्ज छापला त्याने जन्मात वजन उचललं नसेल. बाराला सकाळी गाडी निघते. तोवर तुझ्या काकांचं खरं पत्र आण. नाही तर येऊ नकोस."

काका, हे सगळं तुमच्याच तोंडून मी हजारदा ऐकलंय. चिठ्ठ्या मीच बांधल्यात, माझ्या या हातांनी, गाठी मारून. आणि परक्या बाईने सांगेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला नाही.

खरं पत्र माझ्यापाशी नाही. मी ते लाल करून तुम्हाला पाठवलंय. मागायला तोंड नाही, तरी मागतो. खोटी सही केली त्याबद्दल काय शिक्षा करायची ती करा, पण नंतर. पत्र आधी.

तुमचा
भोवरा

&nbsp;

१० मार्च

चि. भोवऱ्यास,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. टपालाला तीन दिवस लागतात, म्हणजे हे तुला तेराला मिळेल आणि गाडी बाराला जाईल. हे मला समजतं. कालच टाकायला हवं होतं. पण एक गोष्ट तपासायची राहिली होती आणि तपासल्याशिवाय मी दाखला देत नाही.

घड्याळ. तू लिहिलंस म्हणून समोरच्या मास्तरांच्या घड्याळाशी लावून पाहिलं. सहा मिनिटं पुढे. तुझ्या काकूला सांगितलं तर ती हसायला लागली. वीस वर्षं तीच ते पुढे करून ठेवते, मी जेवायला वेळेवर घरी यावं म्हणून. तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले आणि डोक्यावरचा तपासला नाही. काल रात्रभर हजेरीची वही घेऊन बसलो. एकसष्टपैकी तेवीस दिवस तू सहा मिनिटांच्या आत आला होतास. म्हणजे उशीर अडतीस दिवस. दुरुस्ती केली आहे, घड्याळाचं कारण लिहून बाजूला सही केली आहे. चूक माझी.

नवं पत्र लिहिलेलं नाही. तू लाल केलेलंच पाठवतो आहे. त्याबद्दल एक सांगायचं होतं. पुढची बाजू सगळी लाल आहे. मागच्या बाजूला लाल शाईचा ठिपकाही नाही. म्हणजे तू पान उलटलंच नाहीस. काट्याची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचायची असते हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आता उलटून बघ.

मागच्या बाजूला "चूक लपवत नाही" असं एक वाक्य होतं. तुझं सहा तारखेचं पत्र वाचून ते खोडायला पेन उचललं. मग खोडलं नाही. पुढे जोडलं: "एकदा लपवली. पाच दिवसांनी स्वतः कळवली."

शिक्षा नंतर.

काका

(बाळा, पत्र टाकायला टपाल कचेरीपर्यंत हे स्वतः गेले, आणि जाताना पळाले. मी यांना पळताना पाहिलेलं नाही. आल्यावर धापा टाकत म्हणाले, "घड्याळ आहे तसंच राहू दे." पायमोजे या पाकिटात मावले नाहीत.)

&nbsp;

१७ मार्च

तीर्थरूप काकांना,

तुमचं पत्र तेराला दुपारी आलं. गाडी बाराला सकाळी गेली. मी रिकाम्या आवारात जाऊन उभा राहिलो होतो, चाकांच्या जागी तेलाचे दोन डाग होते. पत्र आलं तेव्हा मी सामान बांधत होतो, कुठे जायचं ते ठरलं नव्हतं.

पान उलटलं.

"दांडीची धार घासताना हात हलत नाही. शिकवावे लागत नाही, एकदा बघतो. चूक लपवत नाही. एकदा लपवली. पाच दिवसांनी स्वतः कळवली. मोडीतला पितळी काटा याने दोन महिने खपून दुरुस्त केला. तो खिडकीपाशी दगडी फळीवर ठेवला आहे, कारण दुकानात तेवढीच जागा हादरत नाही. चूक: शंभर ग्रॅमला दोन मिलिग्रॅम. दोन वर्षांत वाढलेली नाही. दुकानातले बाकी सगळे काटे मी त्याच्यावर तपासतो."

काका, मला वाटलं होतं तुम्ही तो अडगळीत टाकलात.

जोडीदार कामावरून येऊन झोपत होता, त्याला उठवलं. गाडीचा पुढचा मुक्काम मालधक्क्यावर आहे हे त्याला माहीत होतं. मला म्हणाला, "चल, वळणावर उतरवतो." दोन बस बदलल्या, दुसरीत एक बाई पिंजऱ्यात कोंबडा घेऊन बसली होती आणि तो कोंबडा दर थांब्याला… ते असू दे.

बाई मालधक्क्यावर मोठ्या काट्याशी झटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बारा तारीख उलटली." मी पत्र पुढे केलं. त्यांनी मोजे काढले, कागद हातात घेतला आणि सगळ्यात आधी उलटून मागची बाजू वाचली. मग पुढची. मग बाजूची सही. मग परत मागची.

"हा लाल शाईवाला शहाणा कोण?"

"मी."

"नऊ वेळा अर्धं टाकलं, नऊ वेळा परत येऊन पुरं केलं. याच्यापुढे तू लिहिलंयस: हे लिहायची काय गरज होती?"

मी ती लाल ओळ बोटाने झाकायला गेलो.

"अरे गाढवा, या कागदावर यापेक्षा वजनदार वाक्य नाही." मग त्यांनी बाजूच्या सहीवर बोट ठेवलं. "दुसऱ्याचा उशीर मोजताना स्वतःचं घड्याळ तपासून सही करणारा माणूस. यांना आमच्याकडे बोलावता येईल का?"

मी म्हटलं, "येणार नाहीत. जेवायला घरी जावं लागतं."

तीन महिने बघणार म्हणाल्या. त्यातून टिकलो तर कायम. आज सकाळी सहाला हजर व्हायचं आहे. "सहा म्हणजे सहा, तुझ्या काकांच्या घड्याळाने नाही."

आता पावणेसहा झालेत. गाडीच्या पायरीवर बसून लिहितोय. अजून कुणी आलेलं नाही. मालधक्क्यावर एक माणूस पोती मोजतोय आणि मोजताना एक लांबलचक गोष्ट सांगतोय, मी तिकडे जात नाहीये. चिमटा खिशात आहे.

वही काढून माझ्या नावाचं पान उघडलंत तर लिहा: उशीर, आजपर्यंत…

नको, शून्य लिहू नका. पहिलाच दिवस आहे. अजून तपासलेलं नाही.

तुमचा
भोवरा